कोब्याखालचं घड्याळ

"माझाच कोबा फोडायला निघालात, आणि वर मलाच बघायला बोलावताय?" बाबा सकाळपासून फुगून बसले होते.

"फोडत नाहीत, बाबा. अभ्यास करतायत."

"कोब्याचा अभ्यास? मग मला डिग्री द्या म्हणावं. आयुष्यभर तोच केलाय."

असं म्हणत म्हणत त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दारात काठी आपटत उभे राहिले. "आता उशीर कोण करतंय?" त्यांची लेक हसली आणि कुलूप शोधू लागली. ऐंशी ओलांडलेल्या गवंड्याला आपलं काम बघायला कोणी बोलावलं तर तो स्मशानातूनही उठून येईल, हे तिला माहीत होतं.

शाळेतल्या जुन्या पाण्याच्या टाकीभोवतीचा, बाबांनीच कोबा घातलेला ओटा नव्या नळांसाठी काढायचाच होता. पण मैदानाच्या टोकाला झाडं लावताना खूप जुनी खापरं निघाली, तेव्हा इतिहासाच्या सरांनी हट्ट धरला की ओटा मजुरांनी नाही, मुलांनी उचलायचा; एकेक थर, शिस्तीत. संग्रहालयातून एक बाई आल्या. मुलांनी त्यांचं नाव खणबाई ठेवलं. दर शनिवारी मुलांबरोबर वस्तीतल्या मोठ्या माणसांनाही बसता येईल, अशी पाटी फाटकावर लागली आणि सातवीतल्या पोरांच्या रांगेत पन्नाशी उलटलेली, शिवणकाम करणारी तीही जाऊन बसली. गळ्याशी कायम दोरा ओवलेली सुई खोचलेली, म्हणून मुलं तिला सुईताई म्हणत.

सहा शनिवार झाले होते. शाळा सोडल्यानंतर तिला पहिल्यांदाच कोणी "बरोबर!" म्हटलं होतं. खणबाईंनी विचारलं होतं, खालचा थर जुना की वरचा? ती म्हणाली, "शिवणीसारखंच आहे की. आधी आतली शिवण, मग वरून दुमड. उसवायला बसलं की शेवटची आधी सुटते." खणबाईंनी ते फळ्यावर लिहिलं. त्या आठवड्यात तिने तीन गणवेशांच्या बाह्या उलट्या लावल्या, इतकी ती हवेत होती.

बाबांना आणायचं तिनेच सुचवलं होतं. कोबा कसा घालतात हे घालणाऱ्याच्या तोंडून मुलांनी ऐकावं म्हणून. त्यात आणखी एक लबाडी होती, तीही मायेची. गेली कित्येक वर्षं बाबांनी शाळेच्या फाटकातून पाऊल टाकलं नव्हतं. ते टाकलं, तर पुढचंही काही सुटेल, असं तिला वाटत होतं.

पुढचं म्हणजे दादा.

दादा शाळेत सगळ्यात जोरात पळायचा. खेळाचे सर त्याला उभं करून आपल्या घड्याळात सेकंद मोजायचे. वर बारीक दांडी असलेलं, बटण दाबलं की थांबणारं ते घड्याळ दोरीने सरांच्या गळ्यात असे. दादा तेरा वर्षांचा असताना, एक्याऐंशीच्या जूनमध्ये, ते गेलं. सर घरी येऊन म्हणाले, सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी स्वतः कपाटातून काढलं, आठवड्याभरात गेलं, आणि शेवटचं हातात होतं ते तुमच्या मुलाच्या. दादा म्हणाला, मी बघितलंसुद्धा नाही. बाबांनी ओळंब्याची दोरी दुहेरी करून त्याला मारलं. दादाने शाळा सोडली, पळणं सोडलं, पुढे घरही सोडलं. आता तो लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. फोन तिलाच करतो. बाबांचा विषय निघाला की लाइन खराब होते.

तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, तू घेतलंस का म्हणून. न विचारणं म्हणजेच माया, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

बाबांना खड्ड्याच्या कडेला खुर्ची दिली. खणबाईंच्या हातातलं हत्यार बघून ते म्हणाले, "ही थापी की चमचा?"

"थापीच आहे, आजोबा. आमची जरा छोटी असते."

"आमचीच चोरून कापलीत म्हणायची." मुलं खिदळली. बाबांचा रुसवा तिथेच संपला.

मग ते सुरूच झाले. आधी पाइपासाठी चर खणला, मग मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसाने ठोकून ठोकून बसवला. त्यावर खडी, वर सिमेंट. आणि शेवटी ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख, आणि शेजारी अंगठा. "ही आपली सही. ज्याला लिहिता येतं त्याची सही खोटी असू शकते. अंगठा खोटा नसतो."

चष्मेवाल्या मुलीने कोपऱ्यातली माती झटकली. तारीख दिसली. तीन जून एक्याऐंशी. शेजारी अंगठ्याचा खळगा. बाबांनी वाकून आपला अंगठा त्यात ठेवून बघितला; तो आता खळग्यात हलत होता. "आटलो की," ते म्हणाले.

"आजोबा, एक विचारू?" खणबाई म्हणाल्या. "यानंतर खाली काही जाऊ शकतं? उंदराने नेलं, फटीतून पडलं, असं?"

"फट?" बाबा ताठ झाले. "एक तडा दाखवा. केसाएवढा. माझ्या कोब्याखाली मुंगी गेली तर मिशी उतरवीन."

मुलांनी हात फिरवून बघितलं. खरंच एक तडा नव्हता. खणबाईंनी कार्डावर लिहायला सांगितलं: फरशी अखंड. मग छिन्नीने चौकोन पाडून, पहारीने उचलून पहिला तुकडा बाजूला ठेवला. खाली मुरूम, दगडासारखा बसलेला. बाबा मान डोलावत होते, जणू गाणं चाललंय.

तासाभराने चष्मेवालीचा ब्रश थांबला. "बाई, इथे गोल काहीतरी आहे."

हिरवट, गंजलेला, बिस्किटाएवढा गोळा. मुरमात पक्का बसलेला. खणबाईंनी हळूहळू कडा मोकळ्या केल्या. वर दांडी, दांडीला कडी. सुईताईला आधी काहीच वाटलं नाही. नाणं नाही, झाकण असेल, असं वाटलं. मग खणबाईंनी तो उलटा केला. मागे खिळ्याने ओबडधोबड कोरलेलं एक अक्षर होतं, क्री. त्याखाली चार.

शाळेच्या खेळाच्या सगळ्या सामानावर असंच कोरलेलं असायचं.

"स्टॉपवॉच!" कोणीतरी ओरडलं. "एवढं जुनं?"

"किती जुनं?" खणबाईंनी नेहमीच्या उत्साहाने विचारलं. "कसं ठरवायचं?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "कोब्याखाली आहे, म्हणजे कोब्याच्या आधीचं!"

"म्हणजे?"

"तीन जूनच्या आधीचं!"

शाळा पंधराला उघडायची. दर वर्षी पंधरालाच. आणि सर म्हणाले होते, उघडली त्या दिवशी कपाटातून काढलं. हे मुलांना माहीत असायचं कारण नव्हतं. तिला माहीत होतं. आणि तिने मान वळवली, तेव्हा कळलं की बाबांनाही माहीत आहे.

त्यांचं तोंड उघडं होतं. काठी खाली पडली होती, तिचा आवाज झाल्याचं तिला आठवेना.

"बाबा. पाणी घेता?"

"तो खेळाचा सर यायचा," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "सुट्टीत. रोज संध्याकाळी. चराच्या काठावर उभा राहायचा, बोटाभोवती दोरी गरागरा फिरवत. मी म्हणायचो, सर, डोळ्यात जाईल."

खणबाईंनी कार्ड चष्मेवालीच्या हातात दिलं.

"कोबा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. म्हणाला, इथे माझं काही पडलं का? म्हटलं, काय? म्हणाला, काही नाही, असंच. मग म्हणाला, थोडा उकरून बघू या का, ओला आहे तोवर." बाबांनी हात उचलला, तसाच हवेत राहिला. "मी म्हटलं, माझा कोबा कोणी उकरायचा नाही. हसलो मी. तोही हसला."

खेळाचे सर दोन वर्षांपूर्वी गेले. वीस वर्षं तिने त्यांच्या पँटींची कंबर सैल करून दिली होती. दर वेळी ते विचारायचे, दादा बरा आहे ना? आणि ती दर वेळी शरमेने मान खाली घालून म्हणायची, बरा आहे, सर.

"मग ते खाली पुरलं कोणी?" मागून एका पोराने विचारलं. इतिहासाच्या सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही काही माहीत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते.

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "लिही गं पोरी, तुझ्या त्या कार्डावर. कोबा मी घातला. घड्याळ त्याच्या आधीचं. कोणी चोरलं नाही. आण इकडे." आणि चष्मेवालीच्या शाईच्या पेनाने अंगठा काळा करून त्यांनी कार्डाच्या मधोमध उमटवला, ओळींवरच.

मग त्यांनी लेकीकडे हात पुढे केला. "दादाला फोन लाव."

"आत्ता? इथे?"

"लाव म्हणतो ना."

तिने नंबर लावला. आवाज मोठा करून तिनेच फोन त्यांच्यासमोर धरला.

"बोल गं छोटे," दादा म्हणाला. मागे लोखंडाचा खणखणाट.

"मी आहे."

खणखणाट थांबला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. घड्याळ सापडलं."

"कुठे?"

"माझ्या कोब्याखाली."

"...फोडलात? तुमचा कोबा?"

"पोरांनी फोडला." बाबा फोनकडे वाकले. "तेव्हा तुझ्या सराने मागितला होता उकरायला. मी दिला नाही."

तिला वाटलं, आता लाइन खराब होणार. ती होण्याची तिला इतकी सवय होती की बोट बटणाकडे गेलंसुद्धा. पण पलीकडून श्वास येत होता, पळून आल्यासारखा. आणि अलीकडे बाबांचा. मुलं खड्ड्याच्या कडेला उभी होती, पहिल्यांदाच कोणी ढकलाढकली करत नव्हतं. फोनच्या पडद्यावर सेकंद एकेक करून पुढे जात होते. एक मिनिट चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही.