रत्नप्रभानं न पाठवलेला पाट

मी एक पाट. साधासुधा नव्हे हं, फणसाचा. दीड हात लांब, हातभर रुंद, खाली दोन आडव्या पट्ट्या आणि अंगात एकही खिळा नाही. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण सध्या मला गोणीत गुंडाळून मुलुंडच्या एका फ्लॅटमध्ये कपाटावर ठेवलंय, आणि तिथं माझं कौतुक करायला कोणी येत नाही.

मला थोडंफार दिसतं, ऐकू तर बरंच येतं. पण माणूस खरा कळतो तो वजनावरून. कोण मला उचलताना घाई करतो, कोणाचे हात थरथरतात, कोण बसल्यावर अवघडतो, हे माझ्यापासून लपत नाही.

माझा जन्म राजापूरकडच्या एका गावातला. माझा पुढचा मालक काशीराम, त्याच्या आजोबांच्या परड्यातला फणस वादळात आडवा झाला, तेव्हा त्यांनी सुतार बोलावून दार करून घेतलं, मांडणी करून घेतली आणि उरलेल्या फळीतून मला. सुतारानं रंधा मारून माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "ह्यो गणपतीक ठेवा. जेवणाक नको." तेव्हापासून माझं नाक जे वर झालं ते झालंच.

आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. गणपती दुकानात जाऊन पसंत करायचा, ही गोष्ट आमच्या घरात नव्हती. नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, पाठीवर खडूनं घराचं नाव लिहायचं. त्याच पाटावर माती चढते, मूर्ती उभी राहते, आणि चतुर्थीला त्याच पाटासकट देव घरी येतो. पाट गेला की शेजारीपाजारी समजतात, यंदा यांच्याकडे गणपती आहे. पाट गेला नाही तर तेही समजतात.

गावचं घर पडल्यावर काशीरामच्या वडिलांनी मला एसटीनं मुंबईला आणलं. ते गिरणीत होते. घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या चढावर त्यांनी चाळीत खोली घेतली होती, पुढे ती थोरला म्हणून काशीरामकडे आली आणि तिच्याबरोबर मीही. चाळीखालच्या गल्लीत दरवर्षी एक कोकणातला मूर्तिकार प्लास्टिक ताणून कारखाना घालायचा. काशीराम मला डोक्यावर घेऊन तिथं पोचवायचा. त्याची बायको रत्नप्रभा आदल्या दिवशी मला चिंचेनं घासून, धुऊन, उन्हात उभा करायची. तिच्यासारखं मला कोणी धुतलं नाही. दीड दिवसाचा देव, पण त्या दीड दिवसासाठी मी साडेतीनशे दिवस कॉटखाली खुशाल पडून राहायचो.

मग काशीरामला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुरुवातीला लोक आले, फळं आणली, मान हलवली. धाकटा भाऊ शरच्चंद्र मुलुंडहून रविवारी यायचा, उंबऱ्याशी उभ्यानंच चौकशी करायचा आणि पाच मिनिटांत पाय काढता घ्यायचा. तो वाईट नाही. भावाला तसं बघणं त्याला झेपत नव्हतं. आजारपणाच्या दोन्ही वर्षी चतुर्थीला मात्र तोच आला, मला नेलं, देव आणला, आरती केली. रीत त्यानं चुकू दिली नाही.

नेमानं येणारी एकच बाई होती, अनुपमा सिस्टर. मूळची नगरकडची ख्रिस्ती, राहायला चेंबूरला. काशीराम ज्या दवाखान्यात होता तिथं ती नर्स. सुट्टीच्या दिवशी ती आपणहून यायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते तिनं रत्नप्रभाला शिकवलं. दोघी मिळून त्याला पुसायच्या. जाताना ती कॉटशेजारी गुडघे टेकून दोन मिनिटं काहीतरी म्हणायची. आधी रत्नप्रभा नुसती उभी राहायची. मग तीही बसायला लागली. मग अनुपमा नसतानाही बसायला लागली.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. मी तिथंच कॉटखाली होतो. काशीराम बरा झाला नाही. त्याचा हात हलला नाही, त्याला एक शब्द बोलता आला नाही, आणि एका सकाळी तो गेला. मला वाटलं, चला, आता हिचं हे गुडघे टेकणं थांबेल. थांबलं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर ती चेंबूरला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आली. लपवलंसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी दिराला फोन लावला आणि सांगितलं, "भावजी, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगते."

काशीराम गेला ते वर्ष दुखवट्याचं होतं, त्यामुळे मला कोणी विचारलं नव्हतं. प्रश्न उभा राहिला तो पुढच्या श्रावणात. नागपंचमी आली. खालच्या गल्लीत पाट गोळा व्हायला लागले. मी कॉटखाली जीव टांगणीला लावून बसलो होतो. आता काढेल, आता चिंच भिजत घालेल. तिनं मला बाहेर काढलं, स्वच्छ पुसलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तेवढंच.

खरं सांगतो, मला तिचा राग आला. एकदा तिच्या घरी गुरुवारी दुपारी चारपाच बायका प्रार्थनेला जमल्या होत्या. एकीनं सहज मला ओढून माझ्यावर बायबल ठेवलं. रत्नप्रभानं ते लगेच उचललं. "नको गं. तो पाट गणपतीचा आहे. घरच्यांना वाईट वाटेल." म्हणजे माझ्यावर आता कोणीच बसणार नव्हतं. ज्याला ती हाक मारते, त्याचं वजन मला कधी कळलंच नाही. मूर्ती नाही, टाक नाही, तसबीर नाही. अशा देवापायी कोणी घरादारावर पाणी सोडतं का, असं मी मनात शंभरदा म्हटलं.

शरच्चंद्र आला तो तापूनच.

"वहिनी, पाट अजून इथंच?"

"तो तुमचा आहे, भावजी. घेऊन जा. तुमच्याकडे बसवा. मी काही म्हणणार नाही."

"थोरल्या घरचा गणपती मुलुंडला नेऊन बसवू? लोक काय शेण घालतील तोंडात? तुम्ही मनात काय ते माना ना, कोण बघायला येतंय? दीड दिवस बाप्पाला बसवा, आरतीला उभ्या राहा. संपला विषय."

"उभी राहीन. पण मनात एक आणि हातात एक, असं देवासमोर कसं करू? तुमच्या देवाचाही तो अपमानच की."

"काय मिळालं गं तुला त्यांच्याकडून?" शरच्चंद्र एकदम 'तू'वर आला. "बोल ना. दादा तर मेलाच."

तिला काय मिळालं होतं ते मला तरी कुठं दिसत होतं? एक जुनं बायबल आणि गुडघ्यांना घट्टे.

जाताना तो म्हणाला, "खोली बाबांच्या नावावर आहे. विसरू नका." ही पहिली धमकी.

दुसरी गुरुवारी आली. बायका गात होत्या. दारात चाळ कमिटीचा मिथुन आणि आणखी सहासात जण. मिथुनला ती लहानपणापासून ओळखत होती, त्याच्या बारशाच्या घुगऱ्या तिनंच शिजवल्या होत्या. त्यानं फोन उंच धरून सगळ्यांची तोंडं टिपली.

"मावशी, हे बंद. गणपतीच्या पाटावर पोथ्या ठेवता म्हणे?"

"नाही रे बाबा. विचार यांना."

"विचारायला नाही आलो. सांगायला आलोय. आज सांगतोय, पुढच्या वेळी सांगणार नाही. घाटकोपरात राहायचंय ना?"

बायकांनी चपला शोधल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही. रत्नप्रभानं एकटीनं गाणं म्हटलं. आवाज फुटत होता, तरी शेवटपर्यंत म्हटलं. त्या दुपारी पत्र्यावर दगड पडले. ती कानांवर हात ठेवून माझ्याशेजारी, भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि तिच्या अंगाचा थरकाप भिंतीतून माझ्यापर्यंत येत होता. ती भीत नव्हती असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. प्रचंड भ्यायली होती.

पण दगडांनी जे झालं नाही ते अक्षतानं केलं असतं. अक्षता तिची एकुलती एक लेक. तिचं बोरिवलीच्या सुबोधशी जमलं होतं. मुलगा झकास, माणसं चांगली. त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं, की तुमच्या गणपतीच्या दर्शनाला आम्ही सगळे येऊ, लग्नाची तारीख तिथंच ठरवू. बाप्तिस्म्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

"आई, दे ना पाट कारखान्यात," अक्षता म्हणाली. "फक्त दीड दिवस. मी सगळं करते, तू नुसती बस."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"सांग ना, सोडलं म्हणून! कोण तपासणार आहे? नंतर कर की हवं ते. आई, माझी वाट लागेल गं."

"तुझ्यासाठी जीव देईन, बाळा."

"जीव कोण मागतंय? एक वाक्य मागतेय!"

रत्नप्रभानं तिचा हात धरायला हात पुढे केला. अक्षतानं तो झटकला, मला भिंतीपासून उचललं आणि कडेवरच्या मुलासारखं कमरेवर घेऊन जिना उतरली. मला तिची पकड अजून आठवते. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली होती. रिक्षानं आम्ही मुलुंडला काकाकडे गेलो. वाटेत ती एकदाही रडली नाही.

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. उशिरा का होईना, कारखान्यात गेलो, माती चढली, देव बसला. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मखर छान केलं होतं, दिव्यांची माळ होती. बोरिवलीकर आले, त्यांनी हात जोडले, मुलीची आई कुठं म्हणून विचारलंच नाही. तारीख ठरली. देवाचं वजन अंगावर होतं, दरवर्षीइतकंच, आणि तरी त्या वर्षी मला एक क्षणही सुख वाटलं नाही. विसर्जनानंतरच्या आठवड्यात घाटकोपरच्या खोलीला दुसरं कुलूप लागलं. रत्नप्रभा दोन पिशव्या घेऊन चेंबूरला अनुपमाकडे गेली, असं काकीनं फोनवर कोणाला तरी सांगताना ऐकलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर मुलुंडलाच अक्षताची हळद होती. मला धुतलं, भोवती रांगोळी काढली आणि अक्षताला माझ्यावर बसवलं. बायका जमल्या होत्या, वाटीत हळद कालवून ठेवली होती. तेवढ्यात दाराशी कुजबुज झाली आणि गाणी थांबली. रत्नप्रभा आली होती. धुवट सुती साडी, रिकामे हात. उंबऱ्याच्या बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली.

शरच्चंद्र पुढे झाला. मला वाटलं, हाकलणार. पण त्यानं हात जोडले.

"वहिनी, विधवेनं हळद लावायची नाही ही आपल्याकडची रीत. ती मी आज मोडतो. कोण काय बोलतो ते मी बघून घेईन. पहिली हळद तुम्ही लावा. खोलीची चावी आत्ता देतो. फक्त इथं सगळ्यांसमोर एकदा सांगा, ते सोडलं म्हणून."

त्याच्या मनात खोट नव्हती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. दगड मारणाऱ्याला नाही म्हणता येतं.

रत्नप्रभा अक्षताकडे बघत होती. एक पाय उचलला, उंबऱ्यापर्यंत आणला, आणि मागे घेतला.

"भावजी," ती म्हणाली, "मी सांगेनही. तुम्ही खूश व्हाल, पोरगी खूश होईल. आणि उद्या सकाळी मी कोणाला हाक मारू? हे अंथरुणावर होते तेव्हा माझ्याजवळ कोण बसलं होतं ते मला ठाऊक आहे. त्याला मी ओळखत नाही म्हणू?"

"म्हणजे देवासाठी पोरीला सोडलंस!"

"मी तिला कुठं सोडलंय? मी दारात उभी आहे."

अक्षताचा सगळा भार एका क्षणी पुढे झुकला, चवड्यांवर आला. आता उठेल, मला वाटलं. चार पावलांवर दार होतं. मग सासरकडची एक बाई खाकरली, आणि तो भार परत माझ्यावर बसला, आधीपेक्षा जड. मी आयुष्यात पहिल्यांदा सुताराला दोष दिला. एक पट्टी जरा सैल ठेवली असती तर मी कललो असतो, ती पडली असती, आणि कोणीतरी "अगं बाई" म्हणत धावलं असतं. आईच धावली असती.

रत्नप्रभानं दारातूनच हात उचलला, लेकीच्या डोक्यावर ठेवावा तसा हवेत धरला. ओठ हलले. मग वाकून चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या. त्या सापडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळेजण भिंतीकडे बघत राहिले.

हळद काकीनं लावली. गाणी पुन्हा सुरू झाली. जेवणाची पानं उठल्यावर अक्षता तशीच पिवळी माझ्यावर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काकी, आईला पाणी तरी विचारलं का गं कोणी?"

काकी भांडी गोळा करत होती. कोणीच विचारलं नव्हतं. चेंबूरहून आलेली, तीन जिने चढलेली बाई.

आता मी गोणीत आहे. अक्षता बोरिवलीला नांदते. रत्नप्रभा कशी आहे ते या घरात कोणी बोलत नाही. तिचा देव खरा की खोटा, ते मला विचारू नका, मी लाकूड आहे. तो तिच्याजवळ असेल तर बरं, नसेल तर तिच्याजवळ कोणीच नाही, एवढंच मला कळतं, आणि या कपाटावर पडून मी त्याच विचारात असतो. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या दारात असं कोणी येऊन उभं राहिलं आणि त्याला आत घ्यायचं तुमच्या जिवावर आलं, तर नका घेऊ. पण पाणी विचारा.