एकशे सतरा नंबरची नळी

…चिकटपट्टीवरचा बर्फ अंगठ्याने पुसला तेव्हा आधी एक दिसला, मग आणखी एक, आणि शेवटी सात. एकशे सतरा. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, तळाशी रक्तातलं पिवळसर पाणी, गोठून खड्यासारखं झालेलं. तिने ती मुठीत धरली. नळ्या ट्रेमध्ये सावकाश वितळू द्यायच्या असतात, मुठीत धरायच्या नसतात. या प्रयोगशाळेत अठरा वर्षं नव्या मुलींना ती हेच शिकवत आली होती. पण बाकीच्या एकोणचाळीस नळ्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या होत्या आणि ही एक मुठीतून सोडवत नव्हती.

नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. चार ते सहा वर्षांची दोनशे मुलं, एकेकाचं उपाशीपोटी घेतलेलं चमचाभर रक्त. त्यातली दोनतीन संप्रेरकं मोजायची आणि पाहायचं, की पुढे होणाऱ्या मधुमेहाची, हृदयविकाराची चाहूल एवढ्या लहानपणी लागते का. आकडा म्हटला की चेहरा नाही, आणि चेहरा नाही म्हणून हात कापत नाही. पण एकशे सतराचं रक्त तिनेच काढलं होतं. धाकट्या भावाच्या मुलीचं; धाकटा असूनही घरात सगळे त्याला दादा म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. पाच वर्षांची ठमी — खरं नाव वेगळं होतं, पण गाल आणि चाल बघून सगळे ठमीच म्हणायचे, आणि तीही ठमीलाच ओ द्यायची.

"आत्या, तू माझं सगळं रक्त घेणार?"

"नाही गं. चमचाभर."

"मोठा चमचा का छोटा?"

आणि मागे भिंतीला टेकून वहिनी, पर्स पोटाशी धरून — "तुमच्या भरवशावर आणलंय हो, वन्सं. नाहीतर धडधाकट पोरीला कोण सुया टोचून घेतंय?"

धडधाकट. खात्यापित्या घरची. हे शब्द तिच्या ओळखीचे होते, तिच्या वडिलांच्या अंगावर कोटासारखे शोभायचे. रुंद, हसरा माणूस. मांडीवर दोन मुलं बसली तरी जागा उरायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सकाळी कामावर निघताना, बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. दादा म्हणाला होता, बाबा नाडीशी खेळतायत. तो तेव्हा सात वर्षांचा होता, मी अकरा. मी बघत उभी होते — नाडी एका बोटाला गुंडाळलेली, दुसरं टोक सुटलेलं… आता दादा अडतीस वर्षांचा आहे आणि दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये थांबून फोनमध्ये काहीतरी बघतो. फोनमध्ये काही नसतं. मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात पहिली तपासणी झाली, त्यात एकशे सतराचं लेप्टिन या ट्रेमधल्या चाळीस मुलांत सगळ्यांत जास्त निघालं. हे लेप्टिन म्हणजे अंगातल्या चरबीने मेंदूला धाडलेला निरोप : पुरे झालं, आता थांब. निरोप ऐकला गेला नाही की चरबी आणखी मोठ्याने सांगते, मग त्याहून मोठ्याने. एकशे सतरा ओरडत होती. आणि ज्या दुसऱ्या संप्रेरकाने रक्तवाहिन्यांची राखण करायची, ते तिच्यात तळाला गेलेलं. शेजारी इन्शुलीन, तेही वर.

"काही नळ्यांचं मोजमाप नीट आलेलं वाटत नाही," असं खोटं सांगून तिने हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंकडून फेरतपासणीची परवानगी काढली होती. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं.

"तुमच्या हातून? आश्चर्य आहे."

"माणूस आहे, बाई."

"करा मग. पण लक्षात ठेवा, हे आकडे दोनशे मुलांचे मिळून आहेत, एका मुलाचे नाहीत. या वयात एकट्या आकड्याला काय अर्थ आहे, हे अजून मलाही माहीत नाही. दहा वर्षं या मुलांच्या मागे राहिलो तर कळेल कदाचित. म्हणूनच आईबापांना सांगायचं नाही, असं फॉर्मवर लिहिलंय." फॉर्मवर लिहिलं होतं खरं. वहिनीने सही केली तेव्हा कुठे सही करायची ते बोट ठेवून तिनेच दाखवलं होतं.

मूठ ओली झाली होती. नळी वितळली होती.

मग काम सुरू झालं, आणि काम सुरू झालं की तिचे हात तिला विचारत नसत. छोट्या खळग्यांची घरं असलेल्या पारदर्शक पट्टीत थेंब सोडायचे, प्रत्येक नळीचे दोनदा, म्हणजे एक चुकला तर दुसरा साक्षीला. धुवायचं, झटकायचं, पुन्हा भरायचं. एकशे सतराच्या दोन घरांशी पोहोचल्यावर तिने श्वास रोखला. हसूही आलं — थेंबाला कुठे कळतंय कोण बघतंय!

जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन आला. पलीकडे त्याच्या कारखान्याची यंत्रं.

"काय गं, आमच्या ठमीच्या रक्ताचं काय झालं?"

"ते असं एकेकाचं सांगत नाहीत, दादा."

"तू पण नाही सांगणार? घरचा डॉक्टर असून आमची ही गत!" तो हसला, आणि हसताना त्याला धाप लागली. "बरी आहे ना पण?"

"अजून झालं नाही माझं."

"मग संध्याकाळी ये घरी. ती सारखी आत्या-आत्या करते."

फोन ठेवल्यावर तिने डबा उघडला, झाकण तसंच हातात. *घरचा डॉक्टर.* अठरा वर्षांत तिने हजारोंचं रक्त काढलं होतं आणि स्वतःचं एकदाही नाही. वेळ मिळाला नाही, असं ती म्हणायची. वेळ मिळाला नाही!… तिला त्रेचाळीस पूर्ण होत होती.

तीन वाजता शेवटचं आम्ल टाकलं. पट्टीतला निळा रंग घरामागून घर पिवळा होत गेला — फिका, फिका, जरा गडद, फिका. जास्त पिवळा म्हणजे जास्त लेप्टिन. यंत्रात घालण्याआधीच, खिडकीच्या उजेडात धरल्याबरोबर, तिला ती दोन घरं दिसली. शेजारीशेजारी, हळदीसारखी. दोघंही साक्षीदार एकच सांगत होते. यंत्राने नंतर आकडा दिला. मागच्या आठवड्याचाच, दशांशात काय तो फरक.

तिने तो नोंदवला. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचा तिला राग आला.

भावाच्या घरी ती पोहोचली तेव्हा अजून ऊन होतं. ठमी जमिनीवर बसून लोणी लावलेला पाव खात होती, बोटं चाटत, अगदी मन लावून. वडील असेच खायचे, जगात दुसरं काही नसल्यासारखे. दादा खुर्चीत, पाय पुढे सोडून. वहिनी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या पावाला लोणी लावत होती.

सांगायचं नाही, हे तिने वाटेत ठरवलं होतं. नुसतं म्हणायचं, तिला खेळायला पाठव, दादा, तू एकदा हृदयाची तपासणी करून घे. तेवढं पुरेसं होतं. खरं तर तेवढंच खरं होतं. पण वहिनी म्हणाली, "बसा ना वन्सं, अशा उभ्या का?" आणि तिचं तोंड उघडलं. तिने सगळं सांगितलं. वरचा आकडा, तळाचा आकडा, चाळिसांत पहिली, दोनदा तपासलं. बाबांचं नावही घेतलं. याचा नक्की अर्थ अजून कुणालाच माहीत नाही, हेही म्हणाली, पण शेवटी, घाईघाईत, दार लावताना म्हणावं तसं.

"आमच्या घरात सगळे असेच असतात गं," दादा हसत म्हणाला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं आणि तो आपल्या पायांकडे बघू लागला.

वहिनीने सुरी खाली ठेवली. "म्हणजे इतके दिवस मी तिला काय घालत होते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही, वहिनी—"

"माझ्या हाताने घालत होते. रोज." ती पुढे आली, वाकली आणि मुलीसमोरची बशी उचलून घेऊन गेली. आरडाओरडा नाही, काही नाही. नळाचं पाणी जोरात सुटलं.

ठमी रडली नाही. तिने रिकाम्या जमिनीकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे, मग आत्याकडे. ती सगळं ऐकत होती, हे तेव्हा तिघांच्या लक्षात आलं. ती उठून उभी राहिली, हनुवटी छातीला टेकवून फ्रॉकवरून आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि श्वास ओढून ते आत घेतलं. जितकं जाईल तितकं. गाल लाल होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"सोड गं, सोड," दादा म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर मुलं खेळत होती, दुकानदार फळीवरचे खोके आत घेत होता, आणि ती भराभर चालत होती. चौकापाशी आल्यावर तिला जाणवलं, की आठवडाभर छातीवर जे बसलं होतं ते नाही. ती थांबली. श्वास घेऊन पाहिला, तो खोलवर गेला, कुठेही न अडता. मी तिच्यासाठी सांगितलं, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. मी दादासाठी सांगितलं… वाक्यं तयार होत होती आणि एकही तिच्या आत उतरत नव्हतं. ती तिघं आता त्या खोलीत होती, पाणी वाहत असेल, कुणी कुणाशी बोलत नसेल — आणि तिला हलकं वाटत होतं. इतकं हलकं, की बाजूच्या भिंतीला हात लावून ती थोडा वेळ उभी राहिली.