अडवलेले दाखले

पोरीचा दाखला मागायला उमाबाई चौथ्यांदा आली, तेव्हा मोहरवाडीचे नगराध्यक्ष साहेबराव खुर्चीत बसून टॉवेलनं मान पुसत होते. मे महिन्याचा दुसरा आठवडा आणि दुष्काळाचं तिसरं साल. डोक्यावरचा पंखा नुसता गरम वारा खाली ढकलत होता.

"साहेब, आज तरी द्या. शाळा सोडल्याचा एवढा एक कागद. माहेरी वेरूळला भावानं शाळेत बोलून ठेवलंय."

"अगं बाई, जायची एवढी काय घाई? महिनाभर कळ काढा. मोठी पाइपलाइन येतीय."

"दोन वर्षं झाली येतीय, साहेब. वाटंत कुठं मुक्काम पडला का बघा जरा."

दाराजवळचे दोन कारकून हसू दाबत फायलीत घुसले. साहेबराव मात्र हसले नाहीत. "अर्ज मुख्याध्यापकांकडं आहे ना? मग झालं. कागद निघायचा तेव्हा निघंल."

उमाबाई दारातच उभी राहिली. "खोलीमालक म्हणतो, राहायचं तर रोज दोन कळश्यांवर राहा. तुम्ही म्हणता, जायचं नाय. मग आमी करायचं तरी काय?" उत्तराची वाट न बघता ती उन्हात निघून गेली.

मंडळी, एका पोरीच्या दाखल्यात नगराध्यक्षाचं काय अडकलं होतं, असं तुम्ही विचाराल. अडकलं होतं, आणि फार अडकलं होतं.

बारा वर्षांपूर्वी मोहरवाडी म्हणजे तीन हजार वस्तीचं खेडं. वाळूजच्या कंपन्या वाढत वाढत शिवारापर्यंत आल्या, शिफ्टच्या बसगाड्या फाट्यावर थांबायला लागल्या, आणि बाहेरगावचे कामगार राहायला जागा शोधू लागले. साहेबराव तेव्हा सरपंच होते. शिक्षण जेमतेम सातवी, पण नजर लांबची. दारोदार फिरून त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, "कोरडवाहू ज्वारीत काय ठेवलंय? खोल्या बांधा. तुम्हाला भाडं, गावाला घरपट्टी." बघता बघता शेतांत दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. रस्ते झाले, दिवे लागले, शाळेच्या दोन वर्गांचे चोवीस वर्ग झाले. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. साहेबरावांनी गावाचं शहर केलं, असं लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता पुढची पायरी होती नगरपरिषदेची. तिला पंचवीस हजार लोकवस्ती लागते. ती भरतच आली होती. भरली की मोठा निधी, आणि निधी आला की पाण्याची योजना. दहा जूनला लोकवस्ती मोजायला वरून पाहणीचं पथक येणार होतं. पण नळाला अकराव्या दिवशी पाणी यायला लागलं, तसे दर रविवारी फाट्यावर टेम्पो लागायला लागले. गाद्या, कपाटं, गॅसच्या टाक्या, त्यावर बसलेली पोरं. खोल्यांच्या दारांना कुलपं दिसू लागली. निधीला माणसं पाहिजेत, माणसं टिकायला पाणी पाहिजे आणि पाण्याला निधी पाहिजे! चुलीच्या तीन दगडांत सापडावा तसा हा माणूस सापडला होता. कुठंही हात लावला तरी भाजायचंच.

त्यातून त्यांना एक युक्ती सुचली. शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेच होते. त्यांनी मुख्याध्यापक व्यंकटरावांना बोलावून सांगितलं, "पाहणी होईपर्यंत एकाही पोराचा दाखला द्यायचा नाही. कुणाचाही असो." गरीब माणूस कामधंदा सोडील, खोली सोडील, पण पोराची शाळा मोडू देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्यंकटराव साऱ्या जन्माचे नियमाचे माणूस, पण निवृत्तीला सात महिने उरलेले. मान खाली घालून ते "बरं" म्हणाले.

उमाबाई येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव टाकीवर गेले. तिथं कडुबा वॉलमन होता, गल्लोगल्लीच्या नळाला पाणी सोडणारा. दोघं लहानपणी एका ओढ्यात डुंबलेले. चारचौघांत तो 'अध्यक्ष' म्हणायचा, एकटं असलं की 'साहेबा'.

"कडुबा, जूनच्या आठ तारखेपासून तीन दिवस खोल्यांच्या भागात रोज पाणी सोडायचं. पथकाला नळ वाहताना दिसला पाहिजे."

"अन् अकरा तारखेला?"

"अकराचं अकराला बघू."

कडुबानं लोखंडी चावी मांडीवर आडवी ठेवली. "साहेबा, माझी दोन बैलं चारा छावणीत हायेत. तिथं रोज सकाळी जनावरं मोजत्यात. जितकी जनावरं, तितकं सरकारी अनुदान. बरोबर?"

"मग?"

"पण मी उद्या दावं सोडाया गेलो, तर छावणीवाला मला अडवीत नाय. बैल माझा हाय, त्याला ठावं हाय. तू तर माणसांचं दावं धरून ठेवलंस!"

साहेबराव उसळले. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला पायजे? सारं गाव बोलतंय, फकस्त तुझ्यासमोर गप बसतंय. अरे, माणूस ऱ्हायला म्हणून मोजावा. मोजायचाय म्हणून ठेवू नये."

"हे गावासाठीच करतोय ना मी? माझ्या घरात काय येणार आहे त्यातलं?"

"व्हय, गावासाठीच. पण गाव म्हंजे कोण, ते एकदा ठरव." एवढं बोलून कडुबा उठला आणि वॉल फिरवायला वाकला. साहेबराव तणतणत निघून आले. वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घातली, की वॉल फिरवणाऱ्याला राज्यकारभार काय कळतो!

त्याच दुपारी व्यंकटराव कचेरीत आले. पथकाला शाळेचा पट दाखवायचा होता, म्हणून साहेबरावांनीच त्यांना रोखून ठेवलेले अर्ज घेऊन बोलावलं होतं. अर्ज एकसष्ट होते. साहेबराव एकेक कागद उलटू लागले. कुणी नगरला निघालेलं, कुणी बुलढाण्याला, कुणी परत आपल्या खेड्यात. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी एकच शब्द लिहिलेला. पाणी. पाणी. पाणी.

एका कागदावर त्यांचं बोट थांबलं. इयत्ता सहावी. ओवी शिवम. खाली आईची सही.

"ही कोण ओवी?" त्यांनी विचारलं. खरं तर अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं.

व्यंकटरावांनी चष्मा काढून हातात घेतला. "आपलीच नात, अध्यक्षसाहेब. सूनबाई तीन तारखेला स्वतः अर्ज देऊन गेल्या. कुणाचाही असो, देऊ नका, असं आपण म्हणाला होतात. म्हणून इतरांबरोबर तोही ठेवला."

साहेबराव तसेच उठून घरी आले. सोनिया, त्यांची सून, ओट्यावर भाकरी थापत होती.

"सोनिया, ओवीला कुठं पाठवतीस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, मग बोलली. "शहरात पुंडलिकनगरला, मामा. माझ्या आईकडं. तिथल्या शाळेत घालायचीय."

"का? या घरात काय कमी आहे? बोअर आहे, टँकर येतो."

"घरात कमी नाही. शाळेत आहे. फेब्रुवारीपासून तिथली टाकी कोरडी. मुलींच्या बाथरूमला कुलूप घातलंय. सगळ्या पोरींनी आपसात ठरवून टाकलं, की शाळेत पाणीच प्यायचं नाही. म्हणजे जायची वेळच यायला नको. सुट्टी लागेपर्यंत ओवी साडेदहाला घर सोडायची ती साडेपाचला परत यायची. तोवर घोटभरसुद्धा नाही. तिची बाटली जशीच्या तशी माघारी यायची, मामा. दोनदा लघवीच्या जागी दुखणं झालं. डॉक्टरीणबाई मलाच बोलल्या, तुम्ही पोरीला पाणी देत नाही का म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं." सोनियाचा आवाज चढला नाही. "तुम्ही फोनवर होतात. हात करून म्हणालात, पाइपलाइन येतीय."

साहेबरावांनी मुलाचं विचारलं. "अन् शिवम?"

"ते म्हणाले, दादांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, पाहणी होऊ दे. मला वाटलं, हेडसर घरच्या पोरीचा दाखला तरी काढून देतील. पण ते नुसतं इकडंतिकडं बघायला लागले, तेव्हा कळलं की आपणबी त्याच दावणीला!"

दावण! सकाळी कडुबा जे बोलला होता, तेच आता स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकावं लागलं. शिकल्यासवरल्या नोकरदारांपासून खोल्यांत राहणाऱ्या मजुरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी एका आकड्यात कोंबलं होतं. त्या आकड्यात त्यांची नातही होती, दिवसभर ओठ मिटून बाकावर बसलेली! एवढी वर्षं त्यांनी गावातली डोकी मोजली. पण त्या डोक्यांना घसाही असतो, हे बाराशे पोरांच्या शाळेच्या अध्यक्षाला कळलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागलं. साहेबरावांनी एकसष्ट दाखले आपल्या हातानं वाटले. उमाबाईनं कागद घेतला, नाव नीट वाचून पाहिलं आणि विचारलं, "द्यायचाच होता, तर अडवला कशाला?"

कारणं पुष्कळ होती. ती सगळी त्यांनी गिळली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

 दाखल्याची घडी ब्लाऊजमध्ये ठेवून ती गेली, आणि त्याच रविवारी तिचा टेम्पो लागला.

मग साहेबरावांनी बैठक बोलावली. ठराव दोनच होते. पाण्याच्या प्रत्येक पाळीला आधी शाळेची टाकी भरायची. आणि खोल्यांना मालकांच्या घरांइतकंच पाणी सोडायचं, माणशी सारखं. त्यांचा चुलतभाऊ पुंजाराम ताडकन उभा राहिला. त्याच्या चाळीस खोल्या होत्या.

"काय बोलतुयास साहेबराव! भाडेकरू आज हायेत, उद्या नाय. मतं आमची हायेत!"

"घरपट्टी आपण खोल्यांवर घेतो का नाही, पुंजा?"

"घेतो की."

"मग पाणीबी खोल्यांवर द्यायचं. घ्यायच्या वेळेला ते मोहरवाडीचे, अन् द्यायच्या वेळेला परके? हा कुठला न्याय!"

बैठकीत बराच वेळ आरडाओरडा झाला. शेवटी कडुबा दारातून म्हणाला, "ठराव करा नायतर नका करू. आजपस्तोर ज्याचा जोर, त्याच्याकडं मी चावी फिरवली. आता नाय फिरवणार." मग ठराव झाला.

दहा जूनला पथक आलं. माणसं भरली बावीस हजार आठशे. पथकातल्या अधिकाऱ्यानं फॉर्म पुढं सरकवला. "लोकसंख्या घटण्याचं कारण लिहा. दुष्काळ लिहू का?"

"दुष्काळ साऱ्या मराठवाड्यात आहे," साहेबराव म्हणाले. "कारण लिहा, आम्ही घरपट्टी घेतली आणि पाणी दिलं नाही."

अधिकारी ते लिहीना. साहेबरावांनी पेन मागून घेतलं आणि आपल्या हातानं तेच वाक्य लिहून खाली सही केली. नगरपरिषद त्या वर्षी झाली नाही. पुढच्या निवडणुकीत पुंजारामच्या माणसांनी साहेबरावांना पाडलंही. ओवी पुंडलिकनगरलाच शिकली. गेलेल्यांतली काही घरं पाऊसपाणी झाल्यावर परत आली, काही आली नाहीत. पण शाळेची टाकी आधी भरायची, हा ठराव मोडायची हिंमत नंतर कुणाला झाली नाही. भाडेकरू बायांनी ती होऊ दिली नाही.

बंधुभगिनींनो, आपलं गाव मोठं व्हावं, तिजोरी भरावी, असं कुणाला वाटत नाही? जरूर वाटावं. पण ज्याच्याकडून आपण कर घेतो, तो आपला पाहुणा नाही आणि कैदीही नाही. त्याच्या वाट्याचं पाणी त्याला आधी द्या, आणि त्याची जायची वाट कधी अडवू नका. ज्या गावातून माणूस सुखानं निघून जाऊ शकतो, त्याच गावात तो राजीखुशीनं राहतो.