गोड दुकानाचा पंचनामा

"संस्कृती ही बसून होते. उभ्या माणसाने आजवर रांगेपलीकडे काही निर्माण केलेलं नाही," असं तात्यारावांनी जाहीर केलं, तेव्हा ते एका स्कूटरला टेकून उभे होते. तेवढ्यात स्कूटरवाला आला, "अंकल, जरा साइड," म्हणाला आणि संस्कृतीचा आधार घेऊन काशीमीऱ्याच्या दिशेने निघून गेला.

बसायला जागाच उरली नव्हती, हे मूळ दुखणं. पेणकरपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर किराणा दुकान होतं आणि दुकानापुढे शहाबादी फरशीचा ओटा. तात्याराव, उत्तमराव आणि सुभाष म्हात्रे अठरा वर्षं त्या ओट्यावर संध्याकाळी पाच ते सात बसत आले. मग किराणावाला गेला, गाळ्यात डेझर्टचं दुकान आलं. ओट्याच्या जागी काचेचा दरवाजा, दोन पायऱ्या आणि कुंडीत प्लास्टिकची केळ. तेव्हापासून तिघं आपापल्या बाल्कनीतून एकमेकांना हात करत. हे असंच चाललं तर महिन्याभरात आपण घरात बोलायला लागू, अशी धास्ती तात्यारावांना पडली होती.

तात्याराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ओटा परत बांधून घ्यायचा तर लेखी द्या, असं सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं. लेखी म्हटल्यावर तात्यारावांना एकच गोष्ट ठाऊक होती: जागेवर जाऊन पंचनामा. उरलेले दोघं आपोआप पंच झाले.

"आत गेल्यावर काही खायचं नाही," पायरीवरच त्यांनी बजावलं.

"पाणी?" उत्तमरावांनी विचारलं. हयात बँकेत गेलेली. अटी आधी समजून घ्यायची सवय.

"पाणी चालेल."

आत काउंटरवर क्षितिजा होती. दुकान तिचंच. तीन म्हातारे, एक पॅड आणि एक टेप बघून ती उठून उभी राहिली.

"सर, महापालिकेतून का? लायसन्स लावलंय भिंतीवर."

तात्यारावांच्याने हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला जिवावर आलं. त्यांनी नुसता चष्मा पुसला. क्षितिजाने ते साहेब लोकांचं ओळखीचं लक्षण मानलं आणि मिनिटभरात टेबलावर वॉफल, ब्राउनी आणि मँगो मस्तानी येऊन पडली.

"लिहा," टेपचं टोक दाराशी धरून तात्याराव म्हणाले. "सदर ठिकाणी लांबी अकरा फूट..."

"चाकलेट गरम हाय, तेपन लिवा," सुभाषराव म्हणाले. ते मूळचे इथलेच. बिल्डिंग ज्या शेतावर उभी होती, ते त्यांच्या वडिलांचं. शेत गेलं तेव्हा ते चिडले नव्हते, ओटा गेला तेव्हाही नाही. आणि आता तर त्यांच्या तोंडात ब्राउनी होती.

"सुभाष, तू पंच आहेस!"

"मंग पंचानं बगायचं न्हाय व्हय, काय हाय ते?"

उत्तमरावांनी मस्तानी पाण्यातच मोजली होती. अर्धा ग्लास संपवून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तात्या, मला सही जमायची नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

"म्हणून तर मी आधी मोजतोय," तात्याराव म्हणाले. "खायचं नंतर बघू."

हे 'नंतर' कानावर पडताच क्षितिजाला शंका आली. महापालिकेचा माणूस खायचं नंतरवर टाकत नाही.

"काका, तुम्ही नक्की कुठून आलात?"

"बी विंग," उत्तमराव म्हणाले. "तिसरा मजला."

तात्यारावांनी टेप गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा पंचनामा मधेच थांबला होता.

"इथे ओटा होता," ते म्हणाले. आवाज कचेरीतला राहिला नव्हता. "तो का तोडलास?"

"कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, यूजमध्ये नाहीये. कोण बसायचं तिथे?"

"आम्ही. रोज पाच ते सात."

क्षितिजाने तिघांकडे पाहिलं, मग रिकाम्या दुकानाकडे.

"मग आत बसा ना! पाच ते सात इथे कुत्रंपण येत नाही. पब्लिक सगळं आठनंतर. रिकामं दुकान बघून जे येणारे असतात तेपण परत जातात. तुम्ही त्या खिडकीत बसलात तर मलाच बरं."

"काही घ्यावं लागेल?" हे उत्तमराव.

"नाही हो."

"बोलणं मोठ्याने असतं आमचं."

"चालेल."

तिघं खिडकीतल्या सोफ्यावर बसले. रस्ता दिसत होता, रिक्षा दिसत होत्या, चालता चालता भांडणारी एक जोडीही दिसली. तिचं पुढे काय झालं असेल, यावर पाच मिनिटं बरी चर्चा झाली. ओट्यावरून यापेक्षा जास्त काही दिसत नसे, हे तात्यारावांनी मनातल्या मनात मान्य केलं. मग त्यांनी पॅड पुढे ओढलं आणि खाली लिहिलं: 'सदर जागी तीन इसमांची बसण्याची सोय समक्ष आढळून आली. तक्रार नाही.' पंचांनी सह्या केल्या. सुभाषरावांच्या सहीवर चॉकलेटचा अंगठाही उमटला.

तात्याराव भारदस्तपणे उठले, घसा साफ केला आणि काउंटरपाशी गेले. दुकानाच्या मालकिणीला वाटलं, आता आभाराचं भाषण होणार.

"बाळ," ते म्हणाले, "त्या एसीचं तोंड तेवढं भिंतीकडे फिरवतेस का?"