किंबात

किर्गिझस्तानात, नारीनकडे एकच शब्द दोन कामं करतो. किंबात म्हणजे महाग, आणि किंबात म्हणजे जिवाभावाचंही. गिऱ्हाइकानं उच्चारला की दुकानदाराचं तोंड पडतं. आईबापांनी लेकीला तोच शब्द नाव म्हणून दिला की लेक हरखते. किंबातला दोन्ही अर्थ ठाऊक होते, पण जन्मभर तिनं एकच ऐकला. तिथंच ती फसली.

आई गेल्यावर धाकट्या भावाला, एर्मेकला, तिनंच वाढवलं; तो तिला एजे म्हणे, म्हणजे ताई. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. आता गुडघ्यानं असा दावा साधला होता की उन्हाळी कुरण सोडाच, अंगणातली चूलही लांब वाटे. बिश्केकच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारून येतो, असं एर्मेक आपणहून म्हणाला. परतला त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तो बायकोला म्हणताना तिनं ऐकलं, "फार किंबात आहे गं." म्हातारीचे डोळे भरून आले. पोरानं पांग फेडले, असं तिला वाटलं. मग चहा पिताना त्यानं सांगितलं की या वयात चिरफाड करायला डॉक्टर नाही म्हणतात. त्याचा पडलेला चेहरा बघून तिनंच त्याची समजूत घातली.

पुढच्याच महिन्यात एर्मेकनं घोडा आणला. बघायला सोयरे जमले, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे फिरू लागले. तेवढ्यात किंबातचा फोन वाजला. बिश्केकची नर्स विचारत होती, तुमचे भाऊ बघतो म्हणून गेले ते गेलेच. डॉक्टर तयार आहेत, खाट ठेवायची की दुसऱ्याला द्यायची?

इकडे कुणीतरी घोडा केवढ्याला पडला ते विचारलं. एर्मेक मिशीत हसला. "किंबात पडला. पण मनात भरलं की माणसानं हात आखडू नये."

किंबातनं फोन खाली ठेवला. भिंतीपलीकडचा तो शब्द आता तिला नीट ऐकू आला.

"एर्मेक," ती म्हणाली, "महाग पडतेस असं तोंडावर म्हणाला असतास तर मी ऐकून घेतलं असतं. माझ्या नावाचाच तर शब्द होता. डॉक्टरांच्या तोंडी कशाला खोटं घातलंस?"

"एजे, चार लोकांत नको ना," तो पुटपुटला.

"आणि मी वेडी, तुलाच समजावत बसले."

ती उठायला लागली तसा तो हात द्यायला धावला. तिनं भिंत धरली आणि आत गेली.