चार ते सातचा इंग्रजी वर्ग

प्रश्न पहिला. एका वाक्यात उत्तर लिहा.

जगन्नाथ सरांनी टेंभुर्णीच्या शाळेत सव्वीस वर्षं कोणता विषय शिकवला?

इंग्रजी.

त्या सव्वीस वर्षांत ते इंग्रजीत किती वाक्यं बोलले?

शून्य. आणि ही गोष्ट अख्ख्या गावात फक्त त्यांच्या बायकोला, पुष्पाबाईंना माहीत होती.

म्हणून सर लबाड होते असं कुणी समजू नये. सरांना इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, व्याकरण तर झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की कोर्टाचा कागद, लोक सरांकडेच यायचे. सर वाचून मराठीत सांगायचे, लोक हात जोडून जायचे. वर्गातही तेच. सर एक शब्द वाचणार, त्याचा मराठी अर्थ सांगणार, पोरं मागून ओरडणार. "बॉय म्हणजे मुलगा. पुढं! रन्स म्हणजे पळतो. पुढं!" सत्तर पोरांचा हा गजर एसटी स्टँडपर्यंत ऐकू जायचा आणि कंडक्टर त्यावर घड्याळ लावायचा. पोरं पास व्हायची. सगळं बराबर चाललेलं. फक्त इंग्रजीत तोंड उघडून कुणाशी बोलायची वेळ कधी आली नव्हती, आणि येईल असं वाटलं की सर वाट बदलून दुसऱ्या गल्लीने जायचे. निवृत्तीला सात महिने राहिले होते. सात महिने असेच निघाले की नाव शाबूत राहणार होतं.

आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या सप्टेंबरात, टेंभुर्णीत चिनी माणसं आली.

उतारा. काळजीपूर्वक वाचा.

जाफराबाद रोडवर अण्णासाहेबांची जिनिंग. कापसातून सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. अण्णासाहेबांनी गाठी बांधायचं नवं मशीन थेट चीनमधून मागवलं. दोन कंटेनर मशीन आलं आणि मशीनबरोबर ते जोडून देणारी तीन माणसं आली. लिऊ, वय एक्केचाळीस, तोंडात कायम सिगारेट, ती बहुतेक वेळा विझलेली. हाओ, चोविशीचा, ज्याला गावातल्या प्रत्येक बैलाशी हस्तांदोलन करायचं असायचं. आणि छिन, वायरिंगवाली, जिला पहिल्या आठवड्यातच बायकांनी छिनताई करून हळदीकुंकवाला नेलं.

मशीन अर्धं जोडून झालं आणि त्यांच्या कंपनीचं पत्र आलं. परदेशात काम करणाऱ्या प्रत्येकाला मशीनचं इंग्रजी पुस्तक वाचून समजलं पाहिजे. एकवीस दिवसांनी फोनवर तोंडी परीक्षा. जो नापास, तो परत.

उताऱ्यावरील संभाषण.

"सर, तुमच्याशिवाय तालुक्यात कोण हाये?" अण्णासाहेब ओसरीवर येऊन बसले ते उठेचनात. "दसऱ्याला कापूस येऊन राह्यला. हे तिघं गेले तर माझं मशीन अर्ध्या लग्नातून उठून गेल्यावानी होईन."

"अण्णासाहेब, मला चिनी येत न्हाई."

"चिनी कशाला पाह्यजे? त्यांना येती की चिनी! तुम्ही इंग्लिश शिकवा."

"मला वेळ..."

"चार ते सात लोडशेडिंग असते. मशीन बंद, ते रिकामे, तुम्ही रिकामे. बिलकुल बराबर जमतंय. आणि हो," अण्णासाहेब जाता जाता चप्पल घालत म्हणाले, "परीक्षा झाली की त्यांची मॅडम तुमच्याशी बी बोलणार हाये फोनवर. मास्तर कोण ते पाहायचं म्हणे तिला. मी सांगून टाकलं, आमचे सर इंग्लिशचा वाघ हायेत म्हणून!"

वाघ खांबाला धरून उभा होता. आत पुष्पाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तरी त्यांचं हसू चुलीपासून दारापर्यंत ऐकू येत होतं.

"हासून काय राह्यली?"

"मी कुठं हासून राह्यले?" पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता मात्र सुटका न्हाई. तिघांपैकी एकाला बी मराठी येत न्हाई. कशात लपसान?"

हजेरी.

पहिला दिवस. तिघे हजर. सरांनी ओसरीवर फळा टेकवला, मशीनचं पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केलं. सवयीचं. "स्टॉप म्हणजे थांबवा. पुढं!" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हटलं, "स्टॉप म्हणजे थांबवा. पुढं!"

सरांच्या कानाला इतकं गोड वाटलं की त्यांनी लगेच पुढचा शब्द घेतला.

चौथा दिवस. तिघे हजर, शिवाय ओट्याखाली वीस-पंचवीस प्रेक्षक. हाओ फळ्यापाशी उभा राहून वाचतो. "डोअर म्हणजे दार. पुढं. हँड म्हणजे हात. पुढं." प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

सातवा दिवस. छिन आपल्या वहीत सगळं चिनी अक्षरांत उतरवून घेते. सर एका पोराला "ए, गप बस खाली" म्हणाले, तेही तिने उतरवलं.

नववा दिवस. छिन वाचून झाल्यावर स्वतःलाच म्हणाली, "शाब्बास. गप बस खाली." आणि बसली.

अकरावा दिवस. लिऊ सिगारेट खिशात ठेवून उभा राहिला आणि एक पानभर न चुकता म्हणून दाखवलं. सरांना रात्री चांगली झोप लागली. विद्यार्थी हुशार, उच्चार स्वच्छ, पाठांतर पक्कं. सव्वीस वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता.

यात कुठे काही बिघडलंय हे सरांच्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? सव्वीस वर्षं त्यांनी इंग्रजी असंच ऐकलं होतं.

अठरावा दिवस. नीला आली.

चूक की बरोबर ते सांगा.

नीला म्हणजे सरांची पुतणी, औरंगाबादला इंग्रजीत एम.ए. करणारी. शेअर जीपमधून उतरली ती पिशवी खांद्यावर तशीच ओसरीत आली, आणि तिघे तिच्या स्वागताला उभे राहून एका सुरात म्हणाले, "मशीन म्हणजे यंत्र! पुढं!"

नीलाने पिशवी खाली ठेवली. मग स्वतः खाली बसली. मग हसत हसत आडवी झाली.

"काका," तिला दम लागला होता, "काका, हे मराठीत बोलून राह्यलेत!"

"कोण?"

"हे! चिनी! त्यांना वाटतं म्हणजे, पुढं, शाब्बास, हे सगळं इंग्लिशच हाये!"

सरांनी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. विद्यार्थ्यांनी सरांकडे पाहिलं, मोठ्या प्रेमाने. सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"लिऊ," सरांनी पुस्तकावर बोट ठेवलं, "हे वाच. नुसतं इंग्लिश."

"नुसतं इंग्लिश," लिऊ म्हणाला. "पुढं!"

तीन दिवस उरले होते. पाजलेलं मराठी काढायचं कसं? नीलाने शोधून काढलं. मराठी शब्द निघाला की शिक्षा. कोणती? पुष्पाबाई आतून ठेच्याची वाटी घेऊन आल्या. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरवंट्याखाली रगडलेला, जो खाऊन शेअर जीपचा संपत ड्रायव्हर एकदा रडत जाफराबादला गेला होता तो ठेचा. जो मराठी बोलेल त्याने बोटभर खायचा.

पहिला दंड हाओला. तो ओट्यावरून उडी मारून हौदाकडे पळाला आणि पाण्यातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "वॉटर!" नुसतं. मागे अर्थ नाही, पुढे पुढं नाही. नीलाने टाळी वाजवली. छिनचा दंड झाला, तीही सुधारली. दोघांना पाहून नीलाने सरांनाही नियम लावला, कारण सर स्वतःच दर शब्दामागे अर्थ सांगत होते.

"मला बी?"

"तुम्हाला आधी. तुमच्यापासूनच लागण झाली ना."

सरांनी तीन वेळा ठेचा खाल्ला. चौथ्या वेळी शब्द ओठावर आला आणि त्यांनी तो गिळला. मग त्या मोकळ्या जागेत काहीतरी घालायलाच हवं होतं. सर उठले, दार उघडलं, हात आत घातला आणि म्हणाले, "डोअर. हँड. सी?" आणि एकदम दचकले, जणू मागून दुसरंच कुणी बोललं. पुष्पाबाई परात घासायची थांबल्या.

राहिला लिऊ. लिऊ दर वाक्याला मराठी बोलू लागला. आधीपेक्षा जास्त. "हँड म्हणजे हात!" ठेचा. "ऑइल म्हणजे तेल!" ठेचा. डोळ्यांत पाणी नाही, उचकी नाही, उलट वाटी पुढे.

"हा येडा झाला का काय?" सर म्हणाले आणि नियमाप्रमाणे त्यांनाही बोटभर खावा लागला.

छिनने वहीत चित्र काढून दाखवलं. डोंगर, त्यावर मिरच्याच मिरच्या, मध्ये लिऊचं घर. त्याच्या गावी न्याहारीला मिरची असते. टेंभुर्णीत आल्यापासून या माणसाला पहिल्यांदा घरचं जेवण मिळालं होतं आणि ते मराठी बोलल्याने मिळत होतं. तो का म्हणून थांबेल?

नियम उलटा केला. आता मराठी निघालं तर ठेचा बंद. लिऊ एका संध्याकाळात इंग्रज झाला. जवळजवळ.

तोंडी परीक्षा. गुण शंभर.

अण्णासाहेबांच्या ऑफिसात स्पीकरवाला फोन. टेबलाभोवती तिघे परीक्षार्थी, त्यांच्या मागे सर, नीला, पुष्पाबाई, जिनिंगचे चौदा कामगार, दारात संपत ड्रायव्हर, खिडकीत जमेल तितकी डोकी. हवेला यायला जागा नव्हती तर सरांना जायला कुठून असणार. अकरा वाजता फोन वाजला. मुंबईहून त्यांच्या कंपनीची मॅडम, चिनीच, पण इंग्रजी खणखणीत.

हाओने वाचलं, तीन प्रश्नांची उत्तरं दिली. पास. सगळं ऑफिस ओरडलं, अण्णासाहेबांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप केलं. छिनने वाचलं, चार प्रश्न, पास. यावेळी सगळे नुसते एकमेकांना चिमटे काढत राहिले.

लिऊ उभा राहिला. हात बांधून. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पाचवीतल्या पोरासारखा. त्याने वाचलं, "स्टॉप द मशीन बिफोर यू ओपन द डोअर." स्वच्छ.

"व्हाय?" मॅडमने विचारलं. दार उघडण्याआधी मशीन का थांबवायचं?

लिऊच्या कपाळावर घाम आला. त्याला उत्तर माहीत होतं, हे खिडकीतल्या डोक्यांनाही दिसत होतं. शब्द सापडत नव्हता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि अगदी टेंभुर्णीच्या सुरात म्हणाला,

"थांबा जरासं, सांगून राह्यलो."

अण्णासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"व्हॉट लँग्वेज इज धिस?" फोनमधला आवाज थंड झाला. "हू टॉट यू? गिव्ह द फोन टू युवर टीचर."

चौदा कामगार बाजूला झाले. सरांच्या आणि फोनच्या मध्ये आता फक्त टेबल. सरांनी नीलाकडे पाहिलं. नीला पुढे सरसावली होती, तिने हात लांब केलाच होता. ती बोलली असती तर काम झालं असतं, नावही राहिलं असतं. सरांनी लिऊकडे पाहिलं. लिऊने अजून हात सोडले नव्हते. बस म्हटल्याशिवाय तो बसणार नव्हता. सरांनीच शिकवलं होतं.

सरांनी पुतणीचा हात बाजूला केला.

"मॅडम," सर म्हणाले. आवाज नको तितका मोठा निघाला. सत्तर पोरांची सवय. "धिस इज मराठी. ही इज सेइंग, प्लीज वेट, आय ॲम टेलिंग. द मिस्टेक इज माइन. नॉट हिज. आस्क हिम अगेन, मॅडम. स्लोली. ही नोज."

पुष्पाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण या वेळी हसण्यासाठी नाही. संपत ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला, "पाह्यलं? वाघ!" त्याच्या दृष्टीने यात नवीन काहीच घडलं नव्हतं.

मॅडमने परत विचारलं. हळू. सरांनी लिऊच्या खांद्यावर हात ठेवला.

"डोअर ओपन," लिऊ म्हणाला. "मशीन नॉट स्टॉप. हँड गो इन." तो थांबला. आपला उजवा हात त्याने सगळ्यांना दाखवला. "हँड नॉट कम आउट."

फोनमध्ये कागदावर पेन खरखरल्याचा आवाज आला. मग, "करेक्ट. पास."

जे झालं ते इथे क्रमाने लिहिता येत नाही. अण्णासाहेबांची टोपी पंख्यात गेली. हाओने कामगारांपैकी दोघांना उचललं. कुणीतरी मशीनचा भोंगा वाजवला, आणि छिन टेबलावर चढली. या गोंधळात मॅडम म्हणाली, "थँक यू, सर. युवर इंग्लिश इज व्हेरी क्लिअर."

फोन तिथेच ठेवायचा होता. परीक्षा संपली होती.

पण सरांनी स्पीकर बंद करून रिसीव्हर उचलला, खुर्ची ओढली, बसले. "थँक यू, मॅडम," म्हणाले, आणि मग पुढचं वाक्य आलं, त्याच्या मागून त्याच्या पुढचं. टेंभुर्णी कुठे आहे ते सांगितलं. पूर्णा नदीला यंदा पाणी किती ते सांगितलं. छिनची वही, हाओचे बैल, सगळं सांगितलं. चुकलं की थांबायचे, "सॉरी, मॅडम" म्हणायचे, दुरुस्त करायचे, आणि परत सुटायचे. सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं. ते काय दोन मिनिटांत रिकामं होतं?

अण्णासाहेबांनी घड्याळ दाखवलं. सरांनी हाताने त्यांना उडवून लावलं.

"सर, कापसाचा व्यापारी फोन करून राह्यला असंन!"

"श्श," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या दाराला टेकून उभ्या होत्या आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

लिऊ अजून उभाच होता. सरांनी रिसीव्हरवर हात ठेवून त्याला म्हटलं, "सिट डाऊन, लिऊ. व्हेरी गुड." लिऊ बसला. सरांनी हात काढला, पाय खुर्चीवर वर घेतले, मांडी घातली, आणि पलीकडच्या बाईला विचारलं,

"मॅडम, हॅव यू टेकन युवर मील? नो? व्हाय नो? इट इज ट्वेल्व्ह ओक्लॉक! व्हॉट व्हेजिटेबल आर यू मेकिंग टुडे?"