हिराची हाक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. एका टोकाला ओठ मावतील एवढं भोक, दुसऱ्या टोकाला सुपाएवढं तोंड आणि मध्ये नुसती पोकळी. मला ना वायर, ना बॅटरी. माझ्या डाव्या अंगाला एक मोठा पोचा आहे. तो कसा पडला, हे आज सांगतो. गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

पालघरच्या बाजारात बन्सी पत्रेवाल्यानं एकोणीसशे बासष्ट साली रॉकेलचा डबा कापून मला घडवलं. दातिवऱ्याचा पुंडलिक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, मला घेऊन गेला तो बायकोसाठी. हिरा तिचं नाव. पौषातल्या सकाळी वैतरणेच्या तोंडावर असं धुकं उतरतं, की होडीतल्या माणसाला आपलंच शीड दिसत नाही. अशा वेळी हिरा वाळूवर उभी राहून हाक मारायची आणि त्या रोखानं होडी आत यायची. किनाऱ्याचा रिवाज ठरलेला होता. माणसाची हाक आली तर ये. पत्रा वाजला तर तिथं खडक आहे, लांब जा. लहान पोरंसुद्धा कारण नसताना पत्रा बडवत नसत.

मित्रांनो, कर्णा आवाज तयार करत नाही. तोंडातून निघालेला आवाज चहूकडे पसरतो, मी त्याला एका दिशेला लावून देतो, एवढंच माझं काम. खरं काम हिराचं पोट करायचं. आधी तिच्या बरगड्या फुगत, मग पोट हळूहळू आत जाई आणि तो श्वास घशातल्या दोन नाजूक पडद्यांना थरथरवत वर येई. पुंडलिकचं नाव ती कधी पुकारत नसे. ओठ मिटून उच्चारायची अक्षरं धुक्यात विरून जातात. ती तोंड मोठं उघडून नुसता ‘ओ’ लांबवायची. तिची सासू येसूबाई तिला शिकवायची, "गल्यानं वरडू नको गो. गला नुसता दरवाजा हाय. हाक पोटात ऱ्हाते."

चार पौष असे गेले. मग तिकडं तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात सुरू झालं आणि बोईसरला कामगारांची वस्ती वाढली. हिरा आरोळीसाठी मला सोबत घेऊन सफाळ्याहून गाडी पकडून तिथं सुके बोंबील विकायला जाऊ लागली. गल्लीत तिची आरोळी नागोरावानं ऐकली. हा परभणीकडचा फिटर, पण स्वतःला मोठा नाटकवाला समजे. वस्तीच्या नाटकात मेलेल्या मुलाची आई करायला त्याला बाई मिळत नव्हती.

हिरा हुरळून गेली. खोटं कशाला सांगू, मीही हुरळलो. इतकी वर्षं तिच्या आवाजानं माणसं घरी आणली होती, पण किनाऱ्यावर टाळ्या कोण वाजवतो? तिला एकदा त्या ऐकायच्या होत्या. पुंडलिक म्हणाला, "जा, पन धुकं पडायच्या आत परत ये."

तालमी खडी फोडायच्या यंत्राशेजारच्या शेडमध्ये चालत. पहिल्याच दिवशी हिरा बोलली, "माजा पोर मेला नाय." तिच्या बोलीला सगळी मंडळी खो खो हसली. नागोरावानं तिला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, शिकवण्यासाठी नव्हे, पुन्हा हसता यावं म्हणून. मग त्यानं मलाच तिच्या हातून हिसकावून घेतलं आणि तिच्या कानाशी धरून माझ्यातून ओरडला, "बाजार नाही हा! पोटातून नको, नरड्यातून काढ! फाटू दे!"

मला त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आजही आठवतो.

यंत्राच्या धडधडीवर आवाज चढवून ती रोज तीस-चाळीस वेळा किंचाळायची. आठव्या दिवशी तिचा घसा बसला. नागोराव खूश झाला. "वा! हाच फाटका आवाज पाहिजे होता. आता एरवी नुसतं कुजबुजत जा, म्हणजे घसा टिकेल." गाढव होता तो. बसलेल्या घशानं नेट लावून कुजबुजलं, की ते सुजलेले पडदे आणखी आवळले जातात. घशाला विश्रांती म्हणजे तोंड बंद.

येसूबाईनं ते बरोबर ओळखलं. "दोन महिने मुकी ऱ्हा पोरी. औषध दुसरं नाय."

"प्रयोग चार दिवसांवर हाय, आई," हिरा कशीबशी म्हणाली.

प्रयोग झाला. शेवटची किंचाळी अशी चिरकत गेली, की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. टाळ्या थांबेनात. नाटकांच्या चढाओढीतला चषक नागोरावाला मिळाला, हिराला एक नारळ. तो नारळ छातीशी धरून ती घरी आली. खुशीत होती बिचारी.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. पुंडलिकची होडी आत यायची होती. हिरानं मला ओठांना लावलं, बरगड्या फुगल्या, पोट आत गेलं, सगळं नेहमीसारखं. माझ्यातून नुसती हवा गेली. पुन्हा हवा. आणि मित्रांनो, धुक्यातून त्याचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता. "हिरा! कुटं हायेस गो?"

येसूबाई धावत आली, तिनं मला घेतलं, पण त्या म्हातारीचा आवाज लाटांपलीकडं पोचेना. "हिरा! हाक दे!" पुंडलिक ओरडत होता. हिराला काय झालं कोण जाणे. तिनं मला हिसकावलं, वाळूवर आपटलं, दगड उचलला आणि माझ्यावर घालायला सुरुवात केली. ठाण, ठाण, ठाण. येसूबाईनं तिचा हात धरेपर्यंत मी सात-आठ वेळा वाजलो होतो. त्या किनाऱ्यावर माझ्याइतका मोठ्यानं कुठलाच पत्रा कधी वाजला नसेल.

दुपारी धुकं उठलं. बरोबरचा खलाशी देवू पोहत किनाऱ्याला लागला होता. तो हिरासमोरच म्हणाला, "पत्रा वाजला म्हून तांडेलानं सुकाणू फिरवला. सरळ खडकावर गेलो." त्याला ठाऊक नव्हतं पत्रा कुणी वाजवला. हिराला ठाऊक होतं. पुंडलिक दोन दिवसांनी एडवणच्या वाळूत सापडला.

त्यानंतर हिरानं तोंड उघडलं नाही. रडलीसुद्धा आवाज न करता. पौष संपला, माघ संपला, फाल्गुनही निम्मा झाला. आणि मग होळीच्या सकाळी कोंबडी हाकलताना तिच्या तोंडून आवाज निघाला. पूर्वीसारखा, भरलेला, स्वच्छ. येसूबाईनं सांगितलेलं औषध आपोआप पोटात गेलं होतं. आपलाच आवाज ऐकून तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

नागोरावाला हे कुणीतरी कळवलं. नव्या नाटकासाठी त्यानं निरोप पाठवला. हिरा गेली नाही.

मी आता बोंबील वाळवायच्या मांडवाला उलटा टांगलेला असतो. धुकं नसेल तेव्हा कावळे हाकलायला मला काठीनं बडवतात. बन्सीच्या दोन हातोड्यांत माझा पोचा निघाला असता, पण हिरा काढू देत नाही. मित्रांनो, पत्रा ठोकून सरळ करता येतो. घशातले ते दोन पडदे दुखले, तर त्यांना दोन दिवस गप्प राहू द्या, मग समोर टाळ्या असोत की चषक. आणि दुसऱ्याचा आवाज फाटलेला ऐकू आला, तर वाहवा करू नका. धुक्यात कुणीतरी त्याच आवाजाची वाट बघत असतं.